मेंदूंतील घातक अर्बुद आणि शस्त्रवैद्य

नागपुराहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता वर्धा जिल्ह्यांत जाम या गांवीं फुटतो. एक वाट हिंगणघाटावरून दक्षिणेकडे निघते, दुसरी नंदोरी-वरोऱ्यावरून चंद्रपुरास जाते. आसपासच्या खेड्यांतील माणसाचें आजारपण वाढलें कीं त्यास घेऊन घरची मंडळी याच चौरस्त्यावर येतात. कर्त्या पुरुषास पहांटेच्या वेळीं डोकेंदुखी सुरू व्हावी, उलट्या व्हाव्या, हाताची पकड सैल पडावी, एखादे दिवशीं अचानक झटका यावा, आणि अखेरीस यंत्रानें काढलेल्या चित्रांत मेंदूंतील गांठ दिसून यावी, म्हणजे त्या मंडळींपुढें दोन प्रश्न उभे राहतात. पहिला रस्त्याचा : नागपूर कीं सावंगी, सेवाग्राम कीं थेट मुंबई? दुसरा प्रश्न डॉक्टरांना विचारावयाचा असतो : गांठ काढून टाकली म्हणजे रोग गेला ना? पहिल्या प्रश्नाचें उत्तर कोणीहि जाणता माणूस देईल. दुसऱ्याचें उत्तर शोधतां शोधतां शस्त्रवैद्यांच्या चार-पांच पिढ्या खपल्या, आणि अजूनहि तें एका शब्दांत देतां येत नाहीं. त्या शोधाचा इतिहास जितका उद्बोधक तितकाच कांहीं ठिकाणीं हृदय पिळवटणारा आहे.

अर्बुद हा शब्द आपल्याकडे फार जुना. सुश्रुतानें अर्बुदांचे प्रकार सांगितले, त्यांची चिकित्सा सांगितली, आणि शस्त्रानें अर्बुद काढणाऱ्यास एक ताकीदहि दिली. अर्बुदाचा अंश मागें राहिला तर तें लवकरच पुन्हां वाढतें, आणि उरलेला विस्तव जसा घर जाळतो तसें रोग्याचा घात करतें. यास्तव तें निःशेष काढावें, असें त्याचें सांगणें आहे. ऋण, अग्नि, शत्रु आणि रोग यांचा शेष ठेवूं नये, असें आपल्याकडील म्हातारीं माणसेंहि सहज बोलून जातात. तो तोच विचार होय. सुश्रुताच्या डोळ्यांपुढें अर्थात् अंगावर दिसणारीं, हातास लागणारीं अर्बुदें होतीं. कवटीच्या आंत काय चालतें हें पाहण्याचें साधन त्याजपाशीं नव्हतें. बौद्ध ग्रंथांत जीवक वैद्याची कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीचें सात वर्षांचें मस्तकशूल त्यानें कवटी उघडून, आंतून दोन किडे बाहेर काढून बरें केलें, आणि त्याबद्दल लाख नाणीं घेतलीं, असें तींत म्हटलें आहे. कथेंतला इतिहास किती आणि कल्पना किती हें ठरविणें कठीण. मात्र मस्तकाच्या आंत दुखण्याचें मूळ असूं शकतें आणि शस्त्रानें तेथवर पोंचतां येईल, ही कल्पना या देशांत पुरातन आहे एवढें तिजवरून खास दिसतें.

कल्पना आणि कृति यांमध्यें मात्र दोन हजार वर्षांचें अंतर पडलें. कवटी ही हाडाची बंद पेटी. तिच्या आंत गांठ कोठें आहे हें न कळतां ती उघडणें म्हणजे काळोखांत विहीर खणण्यासारखेंच. त्यांतून रोगी शुद्धीवर, आणि उघडलेल्या मेंदूंत हटकून पू व्हावयाचा. या तीन अडचणी एकोणिसाव्या शतकांत एकामागून एक दूर झाल्या. १८४६ सालीं अमेरिकेंत ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. १८६७ सालीं लिस्टर यानें कार्बोलिक ॲसिडानें जखम जंतुरहित ठेवण्याची आपली पद्धति जाहीर केली. तिसरी अडचण सर्वांत अवघड होती. १८६१ सालीं पॅरिस येथें ब्रोका यानें वाचा गेलेल्या एका रोग्याचा मेंदू मरणोत्तर तपासून डाव्या बाजूच्या पुढील भागांत बोलण्याचें स्थान दाखविलें. १८७० मध्यें फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघां जर्मनांनीं कुत्र्याच्या मेंदूस विजेचा सूक्ष्म प्रवाह लावतांच विरुद्ध बाजूचे पाय हालतात हें सिद्ध केलें. इंग्लंडांत डेव्हिड फेरिअर यानें माकडांवर तेच प्रयोग करून मेंदूच्या कोणत्या भागाकडे कोणता अवयव याचा जणूं नकाशाच तयार केला. याबद्दल १८८१ सालीं त्यावर प्राण्यांचा छळ केल्याचा खटलाहि भरण्यांत आला होता. त्यांतून तो निर्दोष सुटला.

या नकाशाचा उपयोग पहिल्यानें केव्हां व कसा झाला तें सविस्तर सांगण्याजोगें आहे.

१८८४ सालीं लंडनमधील अपस्मार व पक्षाघाताच्या एका लहान रुग्णालयांत पंचवीस वर्षांचा एक स्कॉटिश शेतकरी आला. प्रथम चेहऱ्याच्या व जिभेच्या डाव्या बाजूस झटके, मग डावा हात थरथरणें, मग त्या हाताची शक्ति हळूहळू जाणें, असा तीन वर्षांचा क्रम होता. पुढें डावा पायहि दुबळा झाला. डोकेंदुखी इतकी कीं त्यास झोंप येत नसे, आणि उलट्या थांबत नसत. डोळ्यांत पाहतां दृष्टीच्या मज्जातंतूस सूज आलेली. डॉक्टर ह्यूज बेनेट यानें या सर्वांची संगति लावून निदान केलें : उजव्या बाजूस, हाताच्या हालचालींवर सत्ता चालविणाऱ्या भागांत गांठ आहे, आणि ती फार मोठी नाहीं. क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून अकरा वर्षें अवकाश होता. बाहेरून डोक्यावर कोठेंहि खूण नव्हती. केवळ हाताच्या वागण्यावरून मेंदूंतील जागा ठरविण्यांत आली.

२५ नोव्हेंबर रोजीं लिस्टरचाच भाचा रिकमन गॉडली यानें कवटीस भोंक पाडलें. मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ निरोगीच दिसत होता. बेनेटच्या निदानावर विश्वास ठेवून त्यानें तेथेंच छेद घेतला, आणि पाव इंच खोलीवर अक्रोडाएवढी गांठ सांपडली. ती काढण्यांत आली. रक्तस्राव विजेनें तापविलेल्या तारेनें थांबविला. रोगी शुद्धीवर आला. डोकेंदुखी गेली, उलट्या थांबल्या, ते भयंकर झटके नाहींसे झाले. डावा हात मात्र लुळा झाला. वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. प्राण्यांवरील प्रयोगांचे पुरस्कर्ते आणि विरोधक यांचें तुंबळ जुंपलें, कारण फेरिअरच्या माकडांवांचून ही जागा सांपडली नसती हें उघड होतें. इकडे रोग्याची जखम चिघळली, मेंदूच्या आवरणांस दाह झाला, आणि शस्त्रक्रियेनंतर चार आठवड्यांनीं तो शेतकरी वारला. लिस्टरच्या भाच्याच्या हातचा रोगी जंतुसंसर्गानें जावा हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

तो जगला असता तर काय झालें असतें? हा प्रश्न त्या वेळीं फारसा कोणीं विचारला नाहीं. गांठ 'ग्लिओमा' जातीची होती. आज त्या नांवाचा अर्थ माहीत असलेला मनुष्य सांगेल कीं, संसर्ग टळला असता तरीहि ती बहुधा परत आली असती.

येथें दोन जातींचा भेद ध्यानांत घेतला पाहिजे. नाहींतर पुढील सारा इतिहास समजावयाचा नाहीं. ग्लासगो येथें मॅक्‌ईवेन यानें गॉडलीच्याहि पांच वर्षें आधीं, १८७९ सालीं, एका मुलीची गांठ काढली होती, आणि ती मुलगी पुढें आठ वर्षें जगून दुसऱ्याच रोगानें वारली. तिची गांठ मेंदूच्या आवरणापासून वाढलेली होती. असली गांठ मेंदूस बाहेरून दाबते, त्यांत शिरत नाहीं. कापसांतून सरकी वेगळी व्हावी तशी ती वेगळी करतां येते. ग्लिओमा हा खुद्द मेंदूच्या आधारपेशींतून उद्भवतो. त्यांतील घातक जातीस कांठ असा नसतोच. मधला गोळा डोळ्यांस दिसतो, पण त्याच्या पेशी भोंवतालच्या निरोगी भासणाऱ्या मेंदूंत दूरवर पसरलेल्या असतात. हिंगणघाटच्या बाजारांतील कापसाच्या ढिगावर तेल सांडलें तर कोठवर कापूस फेंकून द्यावा हें जसें सांगतां येत नाहीं, तशी येथें शस्त्रवैद्याची गत होते. पोटांतील वा स्तनांतील अर्बुद काढतांना भोंवतालचा दोन बोटें निरोगी भाग खुशाल काढून टाकतां येतो. मेंदूंत त्या दोन बोटांत माणसाची वाचा असते, उजवा हात असतो, कधीं कधीं त्याचा स्वभावहि असतो. सुश्रुताची निःशेष काढण्याची आज्ञा या एका ठिकाणीं पाळतां येत नाहीं.

हें सत्य पटण्यास एक पिढी गेली, आणि ती पिढी प्रामुख्यानें अमेरिकेंतील हार्वे कुशिंग याची होय. कुशिंग हा मोठा करारी, सहकाऱ्यांस जाच वाटावा इतका काटेकोर पुरुष. घाई करणें त्यास ठाऊक नव्हतें. इटलींतून त्यानें रक्तदाब मोजण्याचें साधन आणलें आणि शस्त्रक्रियेच्या वेळीं तें वापरण्याचा पाठ घातला. १९११ मध्यें रक्तवाहिन्यांस लावावयाचे चांदीचे बारीक चाप त्यानें काढले. १९२६ मध्यें बोव्ही नांवाच्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें तयार केलेलें विजेचें यंत्र वापरून, पूर्वीं रक्तस्रावाच्या भयानें अर्धवट सोडलेल्या कित्येक गांठी त्यानें पुन्हां उघडून काढल्या. इतरांच्या हातीं मेंदूच्या शस्त्रक्रियेंत मरणाऱ्यांची संख्या भयावह असतां त्यानें ती शेंकडा दहांच्या आसपास आणली. १९३१ सालीं त्याची दोनहजारावी गांठ नोंदली गेली. त्याहून महत्त्वाचें काम म्हणजे प्रत्येक गांठीचा तुकडा आणि रोग्याची पुढील हकीकत त्यानें जपून ठेवली. त्याच आधारावर पर्सिव्हल बेली याच्या सहकार्यानें १९२६ मध्यें ग्लिओमांचें वर्गीकरण प्रसिद्ध झालें. कोणत्या जातीचा रोगी वर्षानुवर्षें जगतो आणि कोणत्या जातीचा कांहीं महिन्यांतच जातो, हें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून सांगण्याची सोय त्यानें झाली. सर्वांत घातक जातीचें नांव ग्लिओब्लास्टोमा. तिच्यापुढें कुशिंगचें कौशल्यहि थिटें पडे.

मग कांहींच्या मनांत आलें, सुश्रुताचीच आज्ञा शेवटास नेऊन पाहावी. कुशिंगचा शिष्य आणि पुढें प्रतिस्पर्धी झालेला वॉल्टर डँडी यानें मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणांनीं गांठ हुडकण्याची रीति १९१८ मध्यें काढली होती. त्याच डँडीनें कांहीं रोग्यांचा उजव्या बाजूचा अर्धा मोठा मेंदूच काढून टाकला, आणि १९२८ सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली. डावें अंग लुळें होई. पण माणूस बोले, घरच्यांना ओळखी, हिशेब करी. अर्ध्या मेंदूवर मनुष्य मनुष्यच राहतो ही गोष्ट पाहून जग थक्क झालें. एक रोगी तीन वर्षांहून अधिक जगला. अखेर अर्बुद परतलें. अर्धा मेंदू काढूनहि शेष राहिलाच होता! धाडसाची ही परिसीमा झाली, आणि निव्वळ अधिक कापल्यानें हा रोग हटत नाहीं याचा तो निर्णायक पुरावाहि ठरला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कॅनडांतील मॉन्ट्रियल शहरीं वाइल्डर पेनफील्ड यापुढें एक रोगी आली. ती त्याची सख्खी बहीण रूथ. लहानपणापासून तिला कधींमधीं झटके येत. आतां डोकेंदुखी वाढली होती, दृष्टि जाऊं लागली होती. आप्तावर शस्त्र चालवूं नये हा वैद्यांतील संकेत. परंतु जवळपास त्या कामीं त्याहून अनुभवी कोणी नव्हता. गांठ उजव्या बाजूच्या पुढील भागांत, अपेक्षेपेक्षां फार मोठी निघाली. त्यानें जवळजवळ तो सारा भाग काढला. सहकारी थांबण्याविषयीं सुचवीत असतांहि तो पुढें गेला. तरीहि थोडें अर्बुद खोल राहिलें, तें काढतां आलें नाहीं. रूथ बरी होऊन मुलांबाळांत परतली. तिचें बोलणें, हंसणें, स्मरण पूर्ववत् होतें. सुमारें सव्वा वर्षानें भाऊ तिच्या घरीं जेवावयास गेला. तिनें पाहुण्याकरितां बेत योजला होता. परंतु चुलीवरचे चार पदार्थ कोणत्या क्रमानें करावयाचे हें तिला एकटीला जमेना, आणि ती गोंधळून बसली. कपाळामागील मेंदूचें काम काय असतें हें कोणत्याहि पुस्तकापेक्षां त्या स्वयंपाकघरानें पेनफील्डास अधिक शिकविलें. पुढें गांठ परत वाढली. कुशिंगनें दुसरी शस्त्रक्रिया केली. १९३१ मध्यें रूथ गेली. १९३४ सालीं पेनफील्डची मॉन्ट्रियलची मज्जासंस्था उघडली. रोगी जागा ठेवून, त्यास बोलतें करून, विजेच्या हलक्या स्पर्शानें वाचेचें व हालचालींचें स्थान निश्चित करीत करीत शस्त्र चालविण्याची पद्धति तेथें नांवारूपास आली. किती काढावें याइतकाच काय ठेवावें हा प्रश्नहि शस्त्रवैद्याचा आहे, हें त्या संस्थेनें शिकविलें.

या मॉन्ट्रियलशीं आपला संबंध निकटचा आहे. हिंदुस्थानांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग १९४९ सालीं वेल्लोर येथें सुरू झाला. तो सुरू करणारे डॉक्टर जेकब चांडी हे पेनफील्डपाशींच शिकले होते. दुसऱ्या वर्षीं मद्रासेंत डॉक्टर बी. राममूर्ति यांनीं काम आरंभिलें, आणि १९५१ मध्यें भारतीय मज्जाविज्ञान परिषद स्थापन झाली. मुंबईस ही विद्या आणणारे डॉक्टर गिंडे हेहि मॉन्ट्रियलचेच शिष्य. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉक्टर होमी दस्तूर यांनीं हा विभाग उभा केला. तत्पूर्वीं कवटी उघडण्याचें काम पडलें तर तें सामान्य शस्त्रवैद्यच करीत. आणि पडे तें बहुधा अपघातांतील जखमांसाठींच.

परळच्या या रुग्णालयांत एक निराळीच अडचण उभी राहिली. ती लंडन-बोस्टनच्या ग्रंथांत फारशी नव्हती. झटके, डोकेंदुखी, उलट्या, दृष्टि मंदावणें, अशीं सारीं घातक अर्बुदाचीं लक्षणें घेऊन रोगी यावा, कवटी उघडावी, आणि आंत अर्बुदाऐवजीं क्षयाची गांठ सांपडावी, असें वारंवार होई. क्षय हा आपल्याकडील घरोघरचा रोग. तो फुप्फुसांतून मेंदूंत जाऊन सुपारीएवढ्या, लिंबाएवढ्या गांठी करतो. दस्तूर आणि देसाई यांनीं १९६५ सालीं 'ब्रेन' या इंग्रजी नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत १०७ क्षयगांठींची व तितक्याच, म्हणजे १०७ ग्लिओमांची तुलना होती. संख्या समसमान घेतल्या त्या तुलनेकरितां. परंतु एका विभागास १०७ क्षयगांठी सहज मिळाव्या हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ज्या काळांत युरोपांतील शस्त्रवैद्यास अशी गांठ क्वचित् दिसे, त्या काळांत मुंबईचा शस्त्रवैद्य प्रत्येक वेळीं शस्त्र हातीं घेण्यापूर्वीं हाच विचार करीत असे कीं, हा रोगी औषधानें वांचणारा आहे कीं नाहीं?

आणि खरोखरच क्षयगांठीच्या बाबतींत शस्त्र हळूहळू मागें हटलें. १९४४ मध्यें स्ट्रेप्टोमायसिनाचा आणि १९५२ मध्यें आयसोनियाझिडचा उपयोग सुरू झाल्यावर कित्येक क्षयगांठी गोळ्या-इंजेक्शनांनींच विरघळूं लागल्या. ग्लिओमाच्या बाबतींत तसें झालें नाहीं. म्हणूनच गांठीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें हें आजहि आपल्या देशांत शस्त्रक्रियेचें पहिलें, आणि कदाचित् सर्वांत न्याय्य प्रयोजन आहे. चित्रांत जी गांठ कर्करोगासारखी भासते ती क्षयाची निघाली तर कुटुंबाचें सारें नशीबच पालटतें.

चित्रांवरून आठवण झाली. कवटीच्या आंतील चित्र काढणारें सी. टी. स्कॅन यंत्र प्रथम ज्या कंपनींत तयार झालें ती ई. एम. आय. कंपनी म्हणजे आपल्या घरोघरीं पोंचलेल्या, भोंग्यापुढें बसलेल्या कुत्र्याच्या छापाच्या ग्रामोफोन तबकड्यांची मालक! तेथील इंजिनियर हाउन्सफील्ड यानें तें रचलें आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनजवळील विंबल्डन येथें एका बाईच्या मेंदूचें पहिलें चित्र घेण्यांत आलें. मेंदूच्या पुढील भागांत गांठ असल्याचा संशय होता. चित्रांत ती स्पष्ट उमटली, आणि शस्त्रक्रियेंत नेमकी तेथेंच सांपडली. १९७९ मध्यें हाउन्सफील्डास नोबेल पारितोषिक मिळालें. बेनेटनें एका शेतकऱ्याच्या हाताच्या थरथरण्यावरून जें ताडलें, तें आतां कोणासहि डोळ्यांनीं पाहतां येऊं लागलें. चुंबकीय चित्रणानें त्यांत आणखी भर घातली. एवढ्यानें गांठीचा कांठ मात्र सांपडला नाहीं, कारण तो नाहींच.

शस्त्रास जोड कोणाची द्यावी, याचा विचार दरम्यान सुरू झाला होता. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या परीक्षेंत असें दिसलें कीं, घातक ग्लिओमा काढल्यानंतर इतर कांहीं न केल्यास निम्मे रोगी १४ आठवड्यांच्या आंत जातात. किरणोपचार दिल्यास हाच अवधि सुमारें ३५ आठवड्यांचा होतो. २००५ सालीं युरोप व कॅनडांतील ५७३ ग्लिओब्लास्टोमा-रोग्यांच्या परीक्षेचा निर्णय आला. किरणांच्या जोडीस टेमोझोलोमाइड हें औषध दिल्यास सरासरी आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलें. अडीच महिनेच वाढले, असें कोणी म्हणेल. परंतु दोन वर्षांनंतर जिवंत असलेले शेंकडा १० होते ते शेंकडा २६ वर आले, हेंहि त्याच हिशेबांत आहे. ज्या घरांत मुलीचें लग्न ठरलें आहे, किंवा शेताचे कागद मुलाच्या नांवें व्हावयाचे आहेत, त्या घरास या आंकड्यांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

या सर्वांत शस्त्राचें स्थान कोणतें उरलें? कवटीच्या आंतील दाब एकदम उतरतो. डोकेंदुखी, उलट्या, ग्लानि कमी होतात आणि पुष्कळदां लुळा हात पुन्हां हालूं लागतो. हा लाभ इतर कोणताहि उपाय इतक्या लवकर देत नाहीं. गांठीची जात कळते. आणि किरणांना व औषधांना तोंड देण्यास मागें उरतात त्या पेशींची संख्या पुष्कळ घटते. अधिक काढल्यानें आयुष्य वाढतें काय, या वादाचा निकाल मात्र सहज लागला नाहीं. कारण ज्यांची गांठ सोयीच्या जागीं आणि प्रकृति धडधाकट, त्यांचीच गांठ पूर्ण काढली जाते, मग ते अधिक जगले तर श्रेय शस्त्राचें कीं दैवाचें? फिनलंडमध्यें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा परीक्षेंत वयोवृद्ध रोग्यांपैकीं कांहींचा केवळ तुकडा घेतला आणि कांहींची गांठ काढली. पहिले सरासरी ८५ दिवस, दुसरे १७१ दिवस जगले. रोगी सारे मिळून ३०च. २००६ सालीं जर्मनींत दुसरी मोठी परीक्षा झाली. रोग्यास शस्त्रक्रियेपूर्वीं एक द्रव्य पाजलें असतां निळ्या प्रकाशांत अर्बुदाच्या पेशी गुलाबी चमकतात. त्या प्रकाशांत काम केल्यानें शेंकडा ६५ रोग्यांच्या चित्रांत दिसणारी गांठ पूर्ण निघाली. साध्या प्रकाशांत शेंकडा ३६ च. सहा महिन्यांपर्यंत रोग न वाढलेले रोगीहि जवळजवळ दुप्पट निघाले. तेव्हां दिसणारा गोळा होईल तितका काढावा, परंतु वाचा, हात आणि ओळखपाळख यांस धक्का लागेल तेथें थांबावें, असें आतां बहुतेक शस्त्रवैद्य मानतात. त्याकरितां पेनफील्डची जागेपणींची पद्धति आजहि चालते. आपल्याकडील रोग्यास चित्रें दाखवून नांवें विचारावयाचीं तीं अर्थात् त्याच्या मायबोलींतून. अलीकडे तर गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकापुरताच उरलेला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणांत पेशींच्या बीजद्रव्यांतील बदलांवरूनच ग्लिओमाची जात ठरते, आणि एकाच रूपाच्या दोन गांठींतील एक दहा वर्षें मुदत देणारी, दुसरी वर्षभराची, हें त्यावरून उमगतें. हा तुकडा शस्त्रवैद्यानेंच द्यावयाचा असतो.

जामच्या चौरस्त्यावरील मंडळींकडे आतां वळावें. नागपूरचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चें. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाचा उगम डॉक्टर सुशीला नायर यांच्या दवाखान्यांत आहे. त्यास जोडून गांधी-शताब्दीच्या वर्षीं, १९६९ मध्यें, वैद्यकीय महाविद्यालय निघालें. ज्या महात्म्यानें १९०९ सालीं 'हिंद स्वराज्या'त डॉक्टरी धंद्यावर सडकून टीका केली, आणि ज्याच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया १९२४ च्या जानेवारींत पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉकनें ऐन वेळीं दिवे गेल्यामुळें कंदिलाच्या उजेडांत पुरी केली, त्याच्याच आश्रमाशेजारीं हें महाविद्यालय उभें आहे. वर्ध्याजवळ सावंगी येथेंहि १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मेंदूची शस्त्रक्रिया तेथें व नागपुरांत होते. पूर्वीं याकरितां मुंबई किंवा वेल्लोर गांठावें लागे. खर्चाच्या बाबतींत २०१२ पासून राज्य सरकारची आरोग्य-योजना आहे; २०१७ पासून ती महात्मा जोतीराव फुले यांच्या नांवें चालते, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियांचा तींत समावेश आहे.

अडचण उभी राहते ती शस्त्रक्रियेनंतर. टांके निघाले, माणूस चालूं-बोलूं लागला, कीं घरच्यांना वाटतें, संपलें. वस्तुतः तेथूनच दुसरें काम सुरू व्हावयाचें असतें. किरणोपचार साधारणतः सहा आठवडे, आठवड्यांतून पांच दिवस, मिळून ३० वेळां घ्यावे लागतात. प्रत्येक वेळचें काम थोड्या मिनिटांचें. पण त्यासाठीं रोज उठून नागपूर गांठावयाचें, आणि तेंहि पेरणीच्या वा कापूस वेंचणीच्या दिवसांत, म्हणजे घरांतील आणखी एका माणसाची मजुरी बुडते. सहा आठवड्यांचा हा क्रम मध्येंच तुटला तर उरलेल्या पेशींना अवसर मिळतो, आणि शस्त्रवैद्यानें मोठ्या कष्टानें मिळवून दिलेलें अंतर हातचें जातें. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवितांनाच पुढील दीड महिना रोग्यानें कोठें राहावयाचें, त्याच्या सोबतीस कोण, हें ठरविणारें घर शहाणें म्हणावें. मुंबईच्या टाटा रुग्णालयांत, २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलेल्या त्या संस्थेंत, जे जातात त्यांना मुंबईंत डोकें टेकावयास जागा मिळणें हेंच अर्धें औषध होय. दादरला संत गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा आहे. कर्करोगाचे रोगी आणि त्यांचे सोबती तेथें थोडक्या खर्चांत राहतात. गाडगेबाबा वऱ्हाडचे, त्यांच्या त्या छताखालीं विदर्भांतलीं माणसें सकाळीं नाश्ता आटोपून, हातांत चित्रांची मोठी पिशवी घेऊन, परळच्या वाटेस लागतात.